पीठभरल्या हाताला कुठला फोन?

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. भांडण घरातलं आहे, म्हणून नाव छापू नका. आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहतो. मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते, पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवते. माझा चार वर्षांचा अँड्रॉइड फोन आहे. त्यात दोन सिम आहेत. घरच्या नंबरवर साधं व्हॉट्सअॅप आहे आणि बँकेतही तोच दिलाय. ऑर्डरीच्या नंबरवर व्हॉट्सअॅप बिझनेस आहे. फोन हल्ली सारखा हँग होतो आणि मेमरी फुल दाखवतो. लेक पुण्यात नोकरीला असतो. त्याने नवा फोन घेतला, त्याचा आयफोन १३ तो मला देतोय. म्हणतो, "आई, ते अँड्रॉइड टाकून दे, नुसते व्हायरस." आमचे हे म्हणतात, "आयफोन म्हणजे श्रीमंतांचे चोचले. त्याला काही जोडता येत नाही, त्यावर काही घेता येत नाही." भाच्याने दोन्हींच्या फीचर्सचा बावीस ओळींचा तक्ता करून दिलाय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

माझ्या अडचणी साध्या आहेत. पहाटे साडेचारला हात काटवटीत असतो, अंगठा लावला तर फोन उघडत नाही. "मी तीस भाकऱ्या म्हणाले होते" असले वाद होतात, म्हणून मी कॉल रेकॉर्ड करते. पत्त्याच्या चिठ्ठ्यांसाठी छोटा ब्लूटूथ प्रिंटर घेतलाय. आणि गेल्या महिन्यात जावेच्या मुलाने लग्नपत्रिका म्हणून आलेलं काहीतरी उघडलं आणि त्याच्या खात्यातून पैसे गेले. तेव्हापासून धास्ती बसली आहे. सांगा, आयफोन घेऊ की नको?

उत्तर

ताई, घ्या. मात्र जुना टाकू नका. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हेच वाटलं. का, ते सांगतो.

आधी भाच्याचा तो तक्ता बाजूला ठेवा. पोराने मेहनत घेतली आहे, त्याला रागावू नका. पण असे तक्ते सहा महिन्यांत शिळे होतात. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शेजारी-शेजारी दोन भज्यांचे गाडे लागले आणि एकाने भज्यांसोबत तळलेली मिरची द्यायला सुरुवात केली, तर दुसऱ्या संध्याकाळी शेजारचाही देतो. इथे तेच चाललंय. आयफोन जगाला दाखवला गेला २००७ च्या जानेवारीत. अँड्रॉइड गूगलने २००५ मध्येच विकत घेतलं होतं, त्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या ताटात बघून जेवतात. पहिल्या पडद्यावर हवामानाची, घड्याळाची मोठी चौकट ठेवायची सोय अँड्रॉइडवर सुरुवातीपासून होती, आयफोनवर ती २०२० मध्ये आली. अॅपची चित्रं पडद्यावर मोकळी जागा सोडून हवी तिथे ठेवायला आयफोनवाल्यांना २०२४ उजाडावं लागलं. उलट बाजूने, अॅपने एकेक परवानगी कामाच्या वेळीच मागायची ही शिस्त अँड्रॉइडला २०१५ मध्ये लागली. त्याआधी अॅप बसवताना सगळ्याला एकदम 'हो' म्हणायला लागायचं. बावीसपैकी सतरा-अठरा ओळींत दोन्हीकडे 'आहे' असंच लिहिलेलं असणार. त्यावरून निवड कशी करणार?

खरा फरक तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. अँड्रॉइड म्हणजे शेंगा चटणीची कृती. गूगल ती लिहितं आणि ज्याला हवी त्याला देतं. मग सॅमसंग आपल्या हाताने करतं, शाओमी आपल्या हाताने, कुणी लसूण जास्त घालतं, कुणी तिखट. म्हणून "अँड्रॉइड असंच असतं" या वाक्याला फारसा अर्थ नाही. एका घरची चटणी महिनाभर टिकते, दुसरीकडची आठ दिवसांत खवट होते. आयफोन म्हणजे एकाच घरची चटणी. कृती त्यांची, उखळ त्यांचं, पाकीटही त्यांचंच, आणि दुसऱ्या कुणाला ती करायची परवानगी नाही. तुमच्या घरात जे वाद चाललेत ते बहुतेक इथूनच निघतात. लेक म्हणतो ते या बंदिस्तपणाच्या फायद्याबद्दल आणि तुमचे हे म्हणतात ते त्याच्या तोट्याबद्दल.

आता अंगठा. मी नऊ वर्षं नवी पेठेत फोनदुरुस्तीच्या टेबलावर बसलो. "मशीन खराब आहे ओ, अंगठाच घेत नाही" म्हणत येणाऱ्यांत निम्मे लोक गवंडी, यंत्रमागावरचे आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायका असायच्या. मशीन ठीकच असायचं. अंगठ्यावरच्या रेषांचे उंचवटे आणि खळगे फोन वाचतो. त्यात कोरडं पीठ भरलं किंवा तव्याच्या आचेने, थापण्याने त्या रेषाच झिजल्या, तर त्याला वाचायला काही उरत नाही. तुमच्या जुन्या फोनवर एक करा. संध्याकाळी हात धुऊन, थोडं तेल चोळून पुसून घ्या आणि तोच अंगठा दोनदा नोंदवा. दुसऱ्यांदा तिरका धरून. पुष्कळ फरक पडतो.

आयफोन १३ ला मात्र अंगठा नाहीच, तो चेहरा बघून उघडतो. स्वस्त अँड्रॉइडवरही 'चेहरा दाखवा' असतं, पण तिथे बहुतेक वेळा पुढचा कॅमेरा नुसता फोटो ताडून बघतो, त्यामुळे अंधारात चाचपडतो. बँकांची अॅप्सही सहसा त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत. आयफोन तुमच्या चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे तीस हजारांवर ठिपके टाकून उंचसखलपणा मोजतो. पहाटे साडेचारला लाइट गेलेली असली तरी उघडेल. फोन भिंतीला टेकवून ठेवा, काटवटीतून मान वर केली की झालं. फक्त वर सरकवायला एक बोट लागतं, तेवढं करंगळीने करा. तुमच्यापुरतं बोलायचं तर आयफोनच्या बाजूने एवढं एकच कारण मला पुरेसं वाटलं असतं.

पण त्याहून मोठं कारण ती लग्नपत्रिका आहे. ती पत्रिका नव्हतीच. ती एपीके होती, म्हणजे अँड्रॉइडवर अॅप बसवायची फाइल. पत्रिका, वाहतुकीच्या दंडाची पावती, बँकेची नोटीस अशा नावांनी त्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. उघडलं की फोन विचारतो, "बसवू का?" घाईत 'हो' दाबलं जातं. मग ते अॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं. एकदा ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. पोराला दोष देऊ नका, लग्नसराईत पत्रिका कोण उघडत नाही? आयफोनवर एपीके चालतच नाही, आणि अॅपलच्या अॅप स्टोअरमधून घेतलेल्या कुठल्याही अॅपला तुमच्या मेसेजच्या पेटीत डोकावून ओटीपी वाचायची मुभा तिथे दिलेलीच नाही. लेकाचं "नुसते व्हायरस" हे बोलणं अतिशयोक्तीचं आहे, पण या एका बाबतीत तो बरोबर आहे.

तरी आयफोन हातात आला म्हणून निर्धास्त होऊ नका. फोन करून घाबरवणारे, "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणणारे चोर तुमच्या फोनची कंपनी विचारत नाहीत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा फोटो पाठवला म्हणून पार्सल सोडू नका, खात्यात जमा झाल्याचं स्वतः बघा. हे बहुतेक तुम्हाला माहीत असेलच, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमच्या ह्यांची बाजू. तेही चुकीचे नाहीत, फक्त जरा जोरात बोलतात. आयफोन १३ मध्ये साधं सिम एकच बसतं. दुसरा नंबर हवा तर तो ई-सिम करून घ्यावा लागतो, म्हणजे कार्ड नसतं, नंबर फोनमध्येच उतरवतात. जमतं ते, पण उद्या फोन बंद पडला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनात घालून दहा मिनिटांत ऑर्डरी सुरू करायची सोय जाते.

कॉल रेकॉर्ड करण्याचं बघा. आयफोनवर ही सोय २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि सुरू करताच दोघांनाही ऐकू जाईल अशी सूचना तो मोठ्याने देतो. अँड्रॉइडवरही गूगलचं डायलर, म्हणजे कॉल लावायचं अॅप, असलेल्या फोनांत अशीच घोषणा होते, काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये होत नाही. तुमचा फोन निमूटपणे करतो असं दिसतंय. ज्या गिऱ्हाईक बाई तुमच्याशी जावेसारख्या गप्पा मारत ऑर्डर देतात, त्या मध्येच मशीनचा आवाज ऐकून बिचकतील. माझं मत विचाराल तर रेकॉर्डिंगपेक्षा फोन ठेवल्याठेवल्या व्हॉट्सअॅपवर "पन्नास कडक भाकरी, दोन किलो चटणी, शुक्रवारी निघेल" असा मेसेज टाकावा आणि समोरच्याचा 'हो' आला की मगच पीठ काढावं. वाद तिथेच मिटतो. टायपायला वेळ नसेल तर गूगलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, तुमच्या अँड्रॉइडवर ते छान उमटतं. 'कडक' चं 'कडाक' झालं तर एकदा नजर टाकून दुरुस्त करा.

प्रिंटरचं कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, आणि भाच्याच्या तक्त्यातही ते नसणार. छोटे स्वस्त ब्लूटूथ प्रिंटर बरेचदा जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात. अँड्रॉइड त्यांच्याशी सरळ बोलतो. आयफोनशी तशा पद्धतीने बोलायचं तर प्रिंटर बनवणाऱ्याला अॅपलची मान्यता घ्यावी लागते, नाहीतर ब्लूटूथचा नवा, कमी वीज खाणारा प्रकार त्यात असावा लागतो. तुमच्या प्रिंटरच्या खोक्यावर फक्त अँड्रॉइडचं चित्र असेल तर समजून जा. ह्यांचं "काही जोडता येत नाही" हे इथून आलेलं असावं. पेनड्राइव्ह तर आयफोनवर २०१९ पासून चालतो.

एवढं सगळं मांडल्यावर मला जे दिसतं ते असं. तुमच्याकडे नंबर दोन आहेत, व्हॉट्सअॅप दोन आहेत, कामं दोन प्रकारची आहेत आणि आता फोनही दोन होतायत. मग ती एकाच फोनात कोंबायची कशाला? घरचं सिम आयफोनमध्ये टाका. बँक, यूपीआय, लेकाशी व्हिडिओ कॉल, घरचे फोटो सगळं तिथे. ऑर्डरीचं सिम, व्हॉट्सअॅप बिझनेस, प्रिंटर आणि रेकॉर्डिंग जुन्या अँड्रॉइडवर राहू द्या. चार वर्षांच्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं बहुधा थांबलेलं असेल. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' ची तारीख बघा, वर्षभर जुनी असेल तर बँक तिथे ठेवणं मला पटत नाही. उद्या त्या फोनवर एखादी पत्रिका चुकून उघडलीच, तरी तिथे ओटीपी येणार नाही आणि बँकेचं अॅपही नसेल. चोराने येऊन बघावं तर पन्नास भाकऱ्यांची ऑर्डर.

यूपीआय आयफोनवर सुरू करताना एक मेसेज पाठवायला लागतो. अँड्रॉइडवर अॅप तो आपणच पाठवतं, आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते आणि 'पाठवा' तुम्हाला दाबावं लागतं. बायका इथेच थांबतात आणि "होतच नाही" म्हणून फोन ठेवून देतात. दाबा, आणि सिममध्ये बॅलन्स आहे ना ते आधी बघा. तिकडे सुरू झालं की जुन्या फोनवरून बँकेची अॅप्स काढून टाका.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे घरच्या व्हॉट्सअॅपची जुनी बोलणी हलवणं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअप गूगलकडे जातो, आयफोन तो वाचत नाही. त्यासाठी जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' हे अॅप घ्यायचं आणि आयफोन कोरा करून पहिल्यांदा चालू करत असताना, त्याने विचारल्यावर, त्यातून सगळं ओढून घ्यायचं. दोन्ही फोन चार्जरला लावलेले, दोन्ही एकाच वायफायवर. ही पायरी घाईत ओलांडली तर फोन पुन्हा कोरा करून पहिल्यापासून सुरुवात. टेबलावर असताना अशी एक आजी आली होती, गेलेल्या नवऱ्याचे आवाजी मेसेज होते तिच्याकडे. पोराने जुना फोन आधीच विकून टाकला होता. मला काही करता आलं नाही.

चटणीच्या पाकिटांचे फोटो आयफोनवर काढा, सुंदर येतात. पण आधी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. नाहीतर आयफोन फोटो अशा प्रकारात साठवतो की लेबल छापणाऱ्याच्या संगणकावर तो उघडत नाही आणि तो तुम्हालाच म्हणतो, "ताई, फोटो करप्ट आहे." फोटो अँड्रॉइडवर न्यायला दोन्ही फोनांत एकाच गूगल खात्याचं गूगल फोटोज ठेवा. जागेचं म्हणाल तर गूगल १५ जीबी फुकट देतं, अॅपल ५. जुन्या फोनच्या व्हॉट्सअॅप बॅकअपचंही वजन त्या पंधरातच धरलं जातं.

जुना हँग का होतो ते तुम्हीच लिहिलंय, मेमरी फुल. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडा. गुड मॉर्निंगची फुलं, नातवंडांचे नाच आणि कुठल्याशा ग्रुपवरचे कीर्तनाचे व्हिडिओ सगळ्यात वर बसलेले दिसतील. काढा. आपोआप डाउनलोड होणं बंद करा. याच व्हॉट्सअॅपला बाहेरची अॅप्स बसवायची परवानगी असेल तर तीही सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या. घरचं व्हॉट्सअॅप आणि बँका तिथून गेल्यावर तो फोन अजून वर्षभर तरी ओढेल. पुढे बदलायची वेळ आली तर दुकानदाराला मेगापिक्सल विचारू नका, "अपडेट किती वर्षं?" एवढंच विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षांचा शब्द दिलाय, सॅमसंगच्या ए मालिकेतल्या काही स्वस्त फोनांना ६ वर्षांचा आहे. आयफोनकडे बघाल तर २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ ची आयओएस २६ (आयफोनची मूळ प्रणाली) मिळाली, २०१८ चे मात्र गळाले. तुमचा १३ हा २०२१ चा, त्यामुळे काही वर्षं काळजी नाही.

उन्हाचं एक. आयफोनसाठी अॅपलने ३५ अंशांपर्यंतची हवा सांगितली आहे आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वर. त्यात चुलीशेजारी ठेवला तर स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. अँड्रॉइडचंही तसंच होतं. फोन शेगडीपासून लांबच्या भिंतीला लावा, आणि तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. हसू नका, ठेवतात लोक.

आता लेकाकडून काय काय करून घ्यायचं ते. त्याने आधी त्या फोनमधून आपलं अॅपल खातं बाहेर काढायचं आणि 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधायची सोय बंद करायची. ते राहिलं तर फोन कोरा केल्यावरही त्याचाच पासवर्ड मागत बसतो. मग तुमच्या नावाने, तुमच्या घरच्या नंबरावर नवं खातं. "माझंच वापर गं" म्हणाला तर ऐकू नका, त्याच्या मित्रांचे नंबर आणि तुमच्या गिऱ्हाइकांचे फोटो एकाच डब्यात पडतील. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी त्याच्या पैशाने ओरिजनल बदलून मागा, डुप्लिकेट टाकली की फोन स्वतःच तसं लिहून दाखवतो. आणि चार्जर मागून घ्या. १३ ची पिन वेगळी असते, सी पिन आयफोनला २०२३ मध्ये १५ पासून आली, तुमच्या घरातला चार्जर बसणार नाही.

हे सगळं दिवाळीच्या ऑर्डरी संपल्यावर करा. एखाद्या रविवारी दुपारी, भाकऱ्या झाल्यावर, तो घरी असताना, समोर बसवून. ह्यांनाही शेजारी बसवा आणि प्रिंटर जोडायला त्यांनाच सांगा. सोमवारी पहाटेची त्याची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस सुटली की फोनवरून "आई, डावीकडचं निळं बटण दाब ना" सुरू होतं, आणि तेव्हा तुमचे हात पुन्हा काटवटीत असतात.